शेठच्या मेलखालची ओळ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी मेल सर्व्हर सांभाळते. काही बिघडलं तर लॉग तपासते, अंगारा लावत नाही. तरी हे लिहितेय, कारण डोकं खाजवून खाजवून दमले...

कुरुंद्याजवळ हळदीची एक कंपनी आहे. नाव देत नाही, तिकडचे लोक ओळखतीलच. माझा मोठा भाऊ भास्करदादा तिथे माल तपासायचा. त्याची पद्धत एकच – पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायची, मोडायची आणि आतला रंग पाहायचा. शेठ फिक्या हळकुंडांना वरून पिवळा रंग चोळायला लागले, तेव्हा त्याने माल अडवला. माल तरीही गेला, बाहेर तपासणीत भेसळीचा म्हणून पकडला गेला, आणि शेठनी सगळं दादावर ढकलून त्याला कामावरून काढलं. गावात लोक तोंडावर टोमणे मारायचे. थोड्याच महिन्यांत दादा हार्ट अटॅकनं गेला.

कंपनीचं सर्व्हरचं काम त्याच्याच ओळखीनं माझ्याकडे आलेलं. मी सोडायला निघाले होते, पण वहिनी म्हणाली, "सोडू नका ताई. तुमी आत असल्या तर ते काय करून राहिले ते कळंल तरी."

मग एक दिवस शेठनी बोलावलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली डिस्क्लेमर हवा होता – 'यापूर्वीच्या सदोष मालास तत्कालीन तपासनीस कै. भास्कर जबाबदार होते. कंपनीचा संबंध नाही.' ऑफिसातल्या आपापसातल्या मेलला नको, पोरं कुजबुजतात म्हणे. तो मजकूर मीच टाइप केला. माझ्या भावाचं नाव, माझ्याच बोटांनी. या माणसाचं वाटोळं होवो असं मनापासून वाटलं, खोटं कशाला बोलू.

नियम सोपा होता. पत्ता कंपनीबाहेरचा असेल तरच ओळ जोडायची. ती सर्व्हरवर जोडली जाते, म्हणून पाठवणाऱ्याला स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये दिसत नाही. माझ्या जीमेलवर टेस्ट केली, बराबर आली.

काही दिवसांनी भर दुपारी सांगलीच्या एका व्यापाऱ्याचा शेठना फोन आला. मी समोरच बसले होते. माल परत पाठवतोय, तुम्हीच तर तसं लिहिलंय, म्हणाला. शेठनी तो मेल त्याच्याकडूनच परत मागवून घेतला. डिस्क्लेमरच्या जागी लिहिलं होतं –

'वरचा रंग पाहू नका. हळकुंड मोडून पाहा.'

दादा बाजारात भेटेल त्याला हेच सांगायचा, अगदी याच शब्दांत.

शेठ ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "ताई, हे तूच करून राहिलीस."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. सर्व्हरवर त्यांचाच मजकूर होता, दादाच्या नावासकट. मी मेल पाठवला की तोच जायचा, शेठनी पाठवला की दादाची ओळ. नियमच काढून टाकला, तरी ओळ चालू. शेठनी नांदेडहून दुसरा माणूस आणला. त्याने माझे पासवर्ड बंद केले, सर्व्हर नवा बसवला. तरी आतल्या मेलला काही नाही, आणि बाहेरच्याला दादा... मला भीती वाटायला हवी होती. पण मला मजा येत होती. एकेक गिऱ्हाईक हळकुंड मोडत होतं आणि शेठचा फोन वाजत होता.

शेवटी शेठ आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, काय करू म्हणून विचारलं. वहिनीनं पाणीही विचारलं नाही, एवढंच म्हणाली,

"ज्यांना ज्यांना त्यांचं नाव कळवलं, त्या समद्यांना खरं कळवा. इथंच बसून."

शेठनी मोबाइलवर मेल लिहिला – रंग माझ्या सांगण्यावरून लावला, भास्करनं अडवलं होतं. सगळ्या व्यापाऱ्यांना पाठवला, माझ्या जीमेलवरही पाठवला. मी तो घाईघाईनं उघडला आणि तळापर्यंत गेले. खाली काहीच नव्हतं. त्यानंतर ती ओळ पुन्हा कधी आली नाही.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. इथे कोणी सर्व्हरवाले असतील तर त्यांनी सांगावं, मी ऐकेन. दादा तेवढ्यावर थांबला. वहिनीही आता शांत झोपते. मी नाही. शेठची गाडी अजून आमच्या दारावरून जाते, आणि दर वेळी मनात येतं – ती ओळ माझ्या हातात असती, तर मी ती कधीच बंद केली नसती.