कौसरची सांदणं

राजिवड्यातल्या कौसरला सांदणं विकायची होती, आणि कारण एवढंच की तिला विकायची होती. घरात कसलीच अडचण नव्हती. नवरा सुलेमान दोह्यात एसी दुरुस्त करायचा. बोटीवर जाळी ओढायचा वीट आला म्हणून तो तिकडे गेला होता. फोनवर त्याने लगेच होकार दिला. तिकडे म्हणे लोक नुसत्या हौसेनेही दुकान काढतात.

आपल्याकडे हौस चालत नाही. बाईने धंदा काढायचा तर घरावर काहीतरी कोसळलेलं हवं. कौसर तांदळाची वाफाळती सांदणं डब्यांत भरून बसली. एक गिऱ्हाईक फिरकेल तर शपथ! "गल्फवाल्याची बायको, हिला कसली हाव?" एवढं मात्र कानावर आलं. मग शेजारची इशरत हळूच विचारायला आली, "नोकरी गेली काय गो त्याची?"

कौसर वैतागलेली होती. "गेली," म्हणाली.

संध्याकाळपर्यंत डबे रिकामे झाले. पुढे साखरपुड्यांच्या, ईदच्या ऑर्डरी येऊ लागल्या, हाताखाली दोन बायका ठेवाव्या लागल्या. सांदणं झकासच होती, पण लोकांनी ती पहिल्यांदा कीव करून घेतली, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याची अब्रू आपण विकली, असं तिला वाटे. दर फोनला ती सांगायचं ठरवी आणि दुसरंच काहीतरी बोले.

सुलेमान सुट्टीवर आला आणि शुक्रवारी नमाजाला गेला. परतला तो थेट स्वयंपाकघरात आला.

"मशिदीबाहेर सगळ्यांनी घेरलं," तो म्हणाला. "हमझा बोलला, लाजू नको, माझ्या बोटीवर ये."

कौसरने हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं. "मग?"

"खरं सांगणार होतो. पण जो तो तुझंच कौतुक करत होता, कौसरने घर सावरलं म्हणून. मग बोललो, होय, गेली नोकरी."

कौसरला रडू फुटलं. "चुकलं माझं. तुमी कशाला खोटं बोललात? मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते."

"सांगशील, आणि मग शेजारच्या आयातच्या लग्नाची ऑर्डर?"

ती दारापर्यंत गेली होती. तिथेच थांबली.

सुलेमानने इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. "माझी जुनी लुंगी कुठं हाय गो? हमझाने उद्या पहाटे बोलावलंय."

कौसरने डोळे पुसले आणि लुंगी शोधून दिली.