शेजारची खुर्ची

समाजमंदिर झाडून मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडते. मॅडम येतात आणि त्या शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून लावतात. जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेल्या या बाई निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी आमच्या वस्तीतल्या बायकांचं ऐकायला येतात. येताना मेथीची जुडी आणतात. आलेली बाई आणि त्या, दोघी मेथी निवडत बसतात.

एकदा धीर करून विचारलं, "मॅडम, समोर का बसत नाही?"

"अगं, समोर बसले की बाईला वाटतं, परीक्षाच घेतेय. आयुष्यभर घेतल्या तेवढ्या पुरे!" त्या हसल्या. "आणि माझी भाजीही फुकटात निवडून होते."

खरंच आहे. शेतात निंदताना, नदीवर धुणं धुताना बायका शेजारी बसूनच बोलत आल्या. समोर बसतात ते मुलगी बघायला आलेले पाहुणे.

माझी सुमन सासरहून येऊन आठवडा झाला. का आली, सांगत नाही. आम्ही सगळे समोर बसून विचारतो आणि ती खाली बघते. आज मी काही विचारलं नाही. मेथी घेऊन दारातल्या ओट्यावर तिच्या शेजारी बसले. दोघी रस्त्याकडे बघत होतो. अर्धी जुडी झाली तेव्हा पानं खुडता खुडता ती म्हणाली, "आई, मला परत पाठवू नकोस."

मी वळून तिच्याकडे पाहिलं नाही. उरलेली मेथी तेवढी आमच्या दोघींच्या मध्ये सरकवली.