आक्काचं मशीन आणि मालकांचा कोयंडा

विम्याचा एजंट आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये महिनाभर येत होता, पण त्याला एकही पॉलिसी विकता आली नाही. ती मी विकली, तीही माझ्याच बहिणीला.

मला नकलांचा नाद. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करताना हेडमास्तर मागंच उभे होते, तरी नक्कल पुरी करूनच छडीसाठी हात पुढं केला होता. हा एजंट दर वाक्याला 'समजा' म्हणायचा आणि चष्मा वर सरकवायचा. नक्कल पक्की बसावी म्हणून मी त्याचं भाषण चार वेळा ऐकलं आणि संध्याकाळी पिंपरीच्या खोलीवर आक्कासमोर उभा राहिलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर हातमशीन घेऊन माझ्याकडं आली आणि आवारातल्या सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे शिवायला लागली.

"समजा ताई, घर मालकाचं. भिंत पडली तर मालक बघेल. पण आतलं सामान कुणाचं? तुमचं. समजा कुणी कुलूप नाहीतर कोयंडा फोडून ते नेलं, तर कंपनी भरपाई देईल. फोडल्याची खूण मात्र पाहिजे. दार उघडं टाकून गेलात, तर आम्ही नुसते हळहळू."

आक्का डोळे पुसेपर्यंत हसली. मग म्हणाली, "उद्या त्याला घरी घेऊन ये."

एजंट आला. सामानाच्या यादीत आक्कानं मशीनचा नंबर तोंडपाठ सांगितला. तो चष्मा सरकवायचं विसरला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन दिवस गावी लग्नाला गेलो. परत आलो तर दाराला भलतंच कुलूप. आमचे घरमालक जुने शेतकरी, आवारातच गोठ्याशेजारी राहायचे; ते किल्ली घेऊन आले. "काय न्हाई, जरा दुरुस्ती केली." आत मशीनच्या जागी तेलाचा डाग तेवढा होता. तांब्याचा हंडाही गेला होता. आक्का त्या डागाजवळ बसून राहिली.

मालक हळूच म्हणाले, "बोंब नको. आमच्या आवारात आजवर चोरी न्हाई. लोक काय म्हनतील?" आम्ही यायच्या आत त्यांनी नवा कोयंडा ठोकला होता.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, कंपनीला पत्र टाकलं. पुण्याहून त्यांचा तपासनीस आला आणि कोयंड्यावर टिचकी मारून म्हणाला, "हा तर नवाकोरा. फोडल्याची खूण कुठंय? खूण नसेल तर काही मिळायचं नाही."

मालक हात मागं बांधून बैलांकडं बघत होते. आक्का माझ्याकडं बघत होती. मला जे येतं तेच मी केलं. खांद्यावर टॉवेल टाकला, पोट पुढं काढलं. खोली दाखवताना मालक जसे बोलले होते तस्सं बोललो, "पोरा, ह्यो कोयंडा लोहारापाशी बसून घडवून घेतलाय. हत्तीनं वढला तरी निघायचा न्हाई."

दारात जमलेली बिऱ्हाडं हसली, तपासनीसही हसला. "मग मालक, तो हत्तीचा कोयंडा गेला कुठं?"

मालक गोठ्यात गेले. मला वाटलं, काठी आणतात. आणला तो वाकडा झालेला जुना कोयंडा, कडब्याचा भुसा लागलेला. तपासनीसाच्या हातात दिला.

"हत्ती न्हवता सायेब, पहार हुती. घर माजं फुटलंय. तिचं कशापायी बुडवायचं?" मग माझ्याकडं वळले. "आन् तुझं काय रं, येवढं पोट हाय व्हय माजं?"

मशीन जुनं म्हणून कंपनीनं भरपाईत काटछाट केली. हंडा यादीत घालायचा राहिला होता, त्याचं काहीच मिळालं नाही. पण त्या पैशांत नवं मशीन आलं, आणि त्यावर आक्कानं पहिली शिवली ती मालकांची बंडी. माप घेताना पोटाशी टेप धरून माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं.

आता नवं बिऱ्हाड आलं की मालक आधी तो वाकडा कोयंडा दाखवतात. मग नसलेला चष्मा वर सरकवून म्हणतात, "समजा, घर माजं, सामान तुमचं." नक्कल एकदम टुकार करतात. पण तीन बिऱ्हाडांनी विमा उतरवलाय, आणि यादी लिहून घ्यायला सगळी आक्काकडंच येतात.

नव्या मशीनचा नंबर तिनं पुण्याहून येताना टांग्यातच पाठ केला होता.