ब्रोशरवरचा मुलगा

मी देवधर्मातली बाई नव्हे. आपल्याही नाही आणि त्यांच्याही नाही. पण इथं, ऑन्टारियोतल्या लंडनमध्ये, नवरा गेल्यापासून दर हिवाळ्यात न सांगता माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून देणारी शेजारीण म्हणाली, की आमच्या चर्चची टीम युगांडाला चाललीय, रिटायर्ड डॉक्टर हवीच आहे. तिला नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तिचे गुडघे धड नव्हते म्हणून ती राहिली, मी गेले.

उत्तरेकडची खेडी. सरकार नि बंडखोरांमधलं युद्ध संपून बरीच वर्षं झालेली. माणसं छावण्यांतून परतून पुन्हा भुईमूग नि तीळ पेरायला लागलेली. आम्ही झाडाखाली टेबल मांडून बीपी बघायचो, गोळ्या द्यायचो. आणि आमच्यातल्या एका शहाण्यानं काय करावं, तर चर्चची ब्रोशर्स रांगेतल्या लोकांना वाटली! ज्यांच्या नावानं देणग्या मागायच्या, त्यांच्याच हातात तो कागद. त्याच्यावर मागच्या एका टीमनं काढलेला फोटो होता. आठेक वर्षांचा मुलगा, एकटाच उभा.

रांगेतल्या एका बाईनं कागद बघितला आणि मटकन खाली बसली. तो तिचा मुलगा होता. युद्ध संपल्यावर जन्मलेला. फोटो काढल्यानंतर काही महिन्यांनी शेत खणताना त्याच्या कुदळीला जुना बॉम्ब लागला आणि पोर जागच्या जागी गेलं. दुभाषी म्हणून आलेली तिथली नर्स हे हळू आवाजात सांगत होती. बाईकडे त्याचा दुसरा फोटोच नव्हता. आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या सांगितल्या, पण तिथं मी टेबल सोडून तिच्याशेजारी मातीत जाऊन बसले.

मग ती कागद उलटसुलट करून काहीतरी शोधायला लागली.

"ती विचारतेय, मी कुठं गेले?" नर्स म्हणाली. "फोटो काढताना ती त्याचा हात धरून उभी होती."

मी चष्मा लावून पाहिलं. मुलाचा हात बाजूला गेलेला आणि मनगटापाशी कागद संपलेला. पूर्ण फोटो पाठवते, असा मी तिला शब्द दिला.

घरी आल्यावर बॅगसुद्धा न उघडता शेजारणीकडे गेले. ब्रोशर तिनंच केलेलं. मुलगा गेल्याचं ऐकून बिचारी ढसाढसा रडली. मग मी आईचं विचारलं, तर डोळे पुसत म्हणाली, "मूल एकटं दिसलं की लोकांना पाझर फुटतो गं." मनात काही वाईट नव्हतं तिच्या, आणि त्यानंच माझं डोकं जास्त सणकलं. जितीजागती आई कापून पोराला अनाथ केलंत, असं मी फाडकन बोलले. नंतर दोघी तिच्या बेसमेंटमध्ये बसून जुने पेनड्राइव्ह धुंडाळत राहिलो. मूळ फोटो होता तो कॉम्प्युटर कधीच रिसायकलिंगला गेला होता. फोटो काढणारे गृहस्थही आता हयात नाहीत.

शेवटी होता तेवढाच फोटो मोठा करून पाठवला आणि बाकीचा सापडत नाही, असं नर्सला कळवलं. तिनं तो घेऊन त्या बाईच्या घरी जाऊन दाखवला, बाकीचा मिळणार नाही हेही सांगितलं. आईनं भिंतीला लावलाय, आभार मानलेत, असा मेसेज आला. त्याच्याखाली नर्सनं आईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं.

"मग बघणाऱ्याला वाटेल, माझ्या लेकराला कुणीच नव्हतं."