कणकेची मूठ

खंडेनवमीला आमच्या पाटावर काय मांडायचं हे ठरलेलं. माझी विळी, शिवणाची कात्री, लेक अवनीची गणिताची पुस्तकं आणि ह्यांचा बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. हे म्हणजे माझे यजमान, निशिकांत. भोसरीच्या टूलरूममध्ये असताना पहिल्या पगारातून घेतलेला तो व्हर्नियर ते सिंगापूरला येताना कपड्यांत गुंडाळून घेऊन आले.

प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यांतून निघतात ते साचे आखायचं ह्यांचं काम. घरात नवी बादली आली तरी आधी तिच्यावरून बोट फिरवून साच्याचा जोड कुठे आहे ते बघतात. लग्नात माझ्या मावशीने विचारलं होतं, जावईबापू काय बनवतात? तर म्हणाले, पोकळी. साचा म्हणजे पोकळीच की. मावशी अजून त्यांना पोकळीवाले म्हणते.

२००७ साली ह्यांच्या इथल्या कंपनीकडे परदेशातल्या एका पिस्तूलवाल्याचं काम आलं. ह्यांनी मला जेवताना समजावलं ते असं, की ह्या पिस्तुलातलं आतलं यंत्र तेवढं एक, नंबर त्याच्यावरच घातलेला. बाकी सगळं बदलता येतं. नळी बदलली की वेगळ्या मापाची गोळी चालते. मूठ बदलली की मोठ्या हाताला मोठी, लहान हाताला लहान. ह्यांच्याकडे फक्त मुठींचे साचे होते. साचे इथे व्हायचे, मुठी मात्र तिकडेच ओतायच्या. खरं पिस्तूल ह्यांनी तेव्हाही हातात धरलं नाही आणि आजही नाही. मी म्हटलं, देवीच्या हातात काय कमी शस्त्रं आहेत, तुम्ही एक मूठ केलीत तर बिघडलं कुठे. तेव्हा ते हसले होते.

गिऱ्हाइकाने पाठवलेलं लहान हाताचं माप ह्यांना पटेना. तिकडच्या बायकांचं माप आहे, ह्याला लहान म्हणत नाहीत, असं म्हणाले. एका रविवारी मी पुऱ्यांची कणीक मळत होते, तर दोन गोळे मागून घेतले. एक माझ्या हातात दिला, एक अवनीच्या. झाडू धरता तसं दाबून धरा म्हणाले. अवनी तेव्हा बारा वर्षांची. कशाला म्हणून तिने विचारलं, तर एका मशीनच्या हँडलला, एवढंच सांगितलं. अन्नाचा असा खेळ करू नये म्हणून मी कुरकुरले, पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. कणकेवर उमटलेल्या मुठींच्या त्यांनी प्लास्टरमध्ये हुबेहूब नकला काढल्या आणि एकेका बोटाची खाच व्हर्नियरने मोजली. मधल्या मापासाठी माझी मूठ घेतली, लहानासाठी अवनीची.

साचा उत्तम उतरला. गिऱ्हाइकाचा माणूस आला आणि सगळ्या ऑफिससमोर ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, लहान मूठ इतकी नेमकी आहे की एखादं पोरसुद्धा सहज धरेल. कौतुकानेच म्हणाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. अवनीला ट्यूशनहून आणताना, आमच्या सेंगकांगला एलआरटीच्या छोट्या गाडीतून उतरलं की रस्ता ओलांडायला तिचा हात धरायची त्यांची सवय. त्यानंतर ते तिच्या बाजूच्या हातात बॅग धरू लागले. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी तिला खोटं सांगितलं. आता खरं सांगितलं तर ती पुन्हा माझ्या हातात हात देईल का?"

मी परत देवीचंच उदाहरण काढलं.

"देवीचं शस्त्र देवीच्या मापाचं असतं, शैला. मी आपल्या पोरीच्या मापाचं केलंय."

मी जपाला बसले, पण मणी नुसतेच सरकत राहिले.

खंडेनवमीच्या सकाळी पाट मांडला तर व्हर्नियर जागेवर नाही. मी कपाटात शोधत होते, तोवर अवनीने ह्यांच्या खणातून ती प्लास्टरची मूठ काढली, पाटावर ठेवली आणि हळदकुंकूही वाहिलं. बाबाचं काम आहे आणि माझंपण, हाफ-हाफ लाह, असं वर इथल्या पोरांच्या बोलीत मला ऐकवलं.

हे आंघोळ करून आले आणि पाटासमोर उभेच राहिले. मग खाली बसले, तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. हँडल कशाचं होतं ते, आणि तो माणूस काय म्हणाला तेसुद्धा. माझ्या हातातल्या उदबत्तीची राख पाटावर पडली.

अवनीने मूठ उचलली आणि तिच्यावरचं कुंकू टी-शर्टला पुसलं.

"म्हणजे त्याच्यात माझा हात आहे?"

"हो."

"मला विचारलं पण नाहीस, बाबा."

"नाही विचारलं."

तिने खाचांत बोटं बसवून पाहिली. "मग मोठं कर लाह," म्हणाली. "माझं बोट पोचणारच नाही इतकं मोठं कर."

सोमवारी ते साहेबांकडे गेले. लहान मुठीची पाठ जाड करू द्या म्हणाले. साहेबांनी सांगितलं, मागणी ह्याच मापाला आहे आणि साचा केव्हाच बोटीवर चढला. जाता जाता विचारलं, तुझा इथल्या नोकरीचा पास पुढच्या वर्षी रिन्यू व्हायचाय ना? ह्यांनी तरीही पिस्तुलाचं काम सोडलं. तेव्हापासून शांपूच्या झाकणांचे साचे आखतात.

घरी येऊन त्यांनी अवनीला जसं झालं तसं सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस ट्यूशनहून येताना ती त्यांच्या पुढे चालायची, हे मुकाट्याने मागून. मग एकदा वळणावरून बस भरधाव आली, तेव्हा तिनेच त्यांचा हात धरून मागे ओढलं. रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही, असं हे मला दोनदा सांगत होते.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी व्हर्नियर आपणहून काढून पाटावर ठेवला. मी कुंकवाचं बोट पुढे केलं तर म्हणाले, नको, नुसता असू दे. अवनीने खणातून ती मूठ आणून हातात धरून पाहिली. बोटं खाचांच्या बाहेर जात होती.

"सी, बाबा. बसत नाही आता."

मला हायसं वाटलं. चला, सुटलात एकदाचे, मी म्हटलं.

ह्यांनी मूठ तिच्याकडून घेतली आणि बादलीवर फिरवतात तसं तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

"दुसऱ्या कुणाला तरी बसत असेल," म्हणाले.

आरती झाली. व्हर्नियरच्या अक्षता मी त्याच्यावर टाकल्या नाहीत, त्याच्यासमोर ठेवल्या.