दोन इंजिनं, एक आत्या आणि लोणावळ्याचा ट्रॅफिक

मोठी गाडी घ्यायची हे आमचं दिवाळीआधीच ठरलं होतं, पण अडलं होतं इंजिनावर. आई-बाबा कधी माझ्याकडे कोथरूडला असतात, कधी माझ्या धाकट्या भावाकडे, सुहासकडे, चिंचवडला. म्हणून दोघांनी मिळून चांगली ऐसपैस सात सीटर घ्यायची, एवढ्यावर एकमत होतं. सुहासला डिझेल हवं होतं. "ताई, माणसं-सामान भरून घाट चढायचा तर डिझेलच. खालच्या गिअरपासून ओढतं," हे त्याचं पालुपद. मला हवी होती हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली. ती शांत असते असं ऐकलं होतं आणि आमच्या घरात शांततेला भाव आहे. बाबांना ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, पण आजूबाजूला घरघर असली की माणसाचं बोलणं त्यात मिसळून जातं. प्रवासात ते खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि हळूहळू आपणही त्यांच्याशी बोलायचं सोडून देतो.

शोरूमच्या सर्व्हिस रोडवरच्या चकरेत यातलं काहीच कळत नाही. शेवटी सुहासने दोन्ही प्रकारच्या गाड्या शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणल्या. हायब्रिडचं भाडं थोडं जास्त पडलं, पण चुकीची गाडी घेऊन वर्षानुवर्षं कुरकुरण्यापेक्षा हे परवडलं. बेत असा: आधी आंदर मावळात आत्याकडे, मग तिला घेऊन लोणावळ्याला मुक्काम. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आम्ही आत्या म्हणतो, बाबा अक्का. ठोकळवाडी धरणाच्या पाण्याजवळ एका वाडीत ती एकटी राहते.

सकाळी जुन्या हायवेने निघालो. सुहास डिझेलमध्ये, त्याच्याबरोबर बाबा. मी हायब्रिडमध्ये, माझ्याबरोबर आई. द्रुतगती मार्ग मुद्दाम टाळला, कारण आपलं रोजचं चालवणं असतं ते सिग्नल, गतिरोधक आणि मध्येच आडवी येणारी रिक्षा यांच्यातलं. वडगावला मिसळ खाल्ली. चांगली झणझणीत होती. पाव मात्र गरम मागून घ्या. बाबांना विचारलं, गाडी कशी आहे?

"बसायला छान आहे," ते म्हणाले. आणि पुन्हा मिसळीकडे वळले.

सुहासने प्रामाणिकपणे सांगितलं, "मोकळ्या रस्त्यावर अजिबात आवाज नाही गं. पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते. सोमाटण्याला मी काहीतरी विचारलं, बाबांनी नुसती मान हलवली."

वडगावलाच टाक्या भरल्या. तुम्हीही भरा, आत गेल्यावर पंपाच्या भरवशावर राहू नका. कान्हे फाट्याला उजवीकडे वळलो, रेल्वे ओलांडली आणि टाकव्याच्या पुढे रस्ता हळूहळू अरुंद होत गेला. भातकापणी चालू होती. काच खाली केली की इंद्रायणी तांदळाचा वास गाडीत भरत होता. आता बाबा माझ्या गाडीत होते. वळणांमुळे वेग बेताचाच, त्यामुळे इंजिन बहुतेक वेळ बंद आणि गाडी बॅटरीवर. आई मला म्हणाली, "इथे कुठेतरी पूर्वी आंब्याचं मोठं झाड होतं."

मागून बाबा म्हणाले, "पुढे आहे. त्या देवळाच्या वळणावर."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी त्यांच्याशी बोलत नव्हतो, तरी त्यांनी ऐकलं होतं. माझ्या बाजूने एक गुण, असं मी मनात लिहूनही टाकलं.

तो गुण वाडीच्या चढावर गेला. शेवटचा टप्पा सैल मुरुमाचा आणि चांगलाच उभा आहे. माझी पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी तसूभर सरकेना. सुहासची डिझेल चारही चाकांवर ओढणारी, ती माझ्या शेजारून गुरगुरत वर गेली. मी हायब्रिड खालीच लावली आणि चढ पायी चढले. वर तो नुसता हसला.

आत्याने पिठलं, तांदळाची भाकरी आणि वाफाळता भात केला होता. वाढताना तिचा हात भांड्याच्या कडेला चाचपत होता हे आईच्या लक्षात आलं.

"दिसत न्हाई का गं नीट?" आईने तिच्याच बोलीत विचारलं.

"दिसतंय की. जरा धुकं हाय डोळ्यांम्होरं," आत्या म्हणाली आणि विषय तिथेच मिटवला. लोणावळ्याला मात्र लगेच तयार झाली. एक पिशवी भरली, शेजारणीला कोंबड्या सांभाळायला सांगितल्या आणि सुहासचा हात धरून चढ उतरली.

बाबा आणि आत्या माझ्या गाडीत मधल्या सीटवर, आई सुहासकडे. कामशेत, कार्ला सुरळीत गेलं. लोणावळ्याच्या बाजारात शनिवारची संध्याकाळ, म्हणजे चिक्कीच्या दुकानांसमोर गाडीला गाडी चिकटलेली. तुम्ही जाणार असाल तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचा, नाहीतर माझ्यासारखे अडकाल. मी वैतागले होते. काचा बंद, इंजिन बंद, बॅटरीवर एसी तेवढा चालू. बाहेरचे हॉर्नही लांबून आल्यासारखे वाटत होते.

मागे आत्या हळू आवाजात बोलत होती. "बाळू, तू न्हाई म्हनालास त्याचं मला काय वाटलं न्हाई बरं का. तुमची शहरातली घरं, आमी कुटं राहनार."

बाबा म्हणाले, "कशाला नाही म्हणालो?"

"डोळ्याचं आपरेशन करायचंय, पुन्यात तुज्याकडं येऊ का, म्हनून फोनवर इचारलं व्हतं. दोनदा इचारलं. तू म्हनालास, बरं बरं, भात कसा झालाय. मी समजले."

मी आरशात बघितलं. बाबांनी कानातलं मशीन हाताने नीट बसवलं होतं आणि ते आत्याकडे पूर्ण वळले होते.

"अक्का, मला फोनवर ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "मी सगळ्यांनाच बरं बरं म्हणतो."

"मंग सांगायचं की."

"लाज वाटते गं."

आत्याने त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मलाबी लाज वाटती, भाकरी करपती म्हनून कुनाला सांगत न्हाई," ती म्हणाली. पुढची गाडी सरकली होती, मागचा हॉर्न वाजवत होता, आणि मला ब्रेकवरचा पाय काढवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी टायगर पॉइंटला गेलो. चढावर हायब्रिडचं इंजिन पुन्हा ओरडायला लागलं. आधी आवाज येतो, वेग मागून. बाबांचं "काय? काय म्हणालीस?" सुरू झालं. अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेतली आणि बहीणभावांना डिझेलमध्ये बसवलं. तिथे इंजिन एका लयीत चढत राहिलं आणि त्यांच्या गप्पाही. वर सुहास आणि मी कणीस खात दरीकडे बघत उभे राहिलो.

"घाट वर्षातून चारदा," तो म्हणाला. "सिग्नल रोज. हायब्रिड घेऊ."

"आणि आत्याचा चढ?"

"तेवढा चालू की पायी."

परतताना आत्या वाडीवर उतरलीच नाही. शेजारणीला निरोप धाडला आणि ती सरळ कोथरूडला आली. तर, मित्रांनो, तुम्ही अशाच पेचात असाल तर माझं ऐका: नुसते आकडे बघू नका. घरातली माणसं बसवा आणि जिथे रोज अडकता तिथे जाऊन अडका. डोंगरातच राहत असाल तर डिझेल घ्या, मी भांडणार नाही.

गाडी नोंदवली आहे. यायला वेळ आहे. आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून माझ्या जुन्या खडखडणाऱ्या हॅचबॅकमधून येत होतो. नळस्टॉपला सिग्नल लाल होता. मागे आत्या बाबांना काहीतरी सांगायला लागली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं? बंद पडली व्हय?" आत्याने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "तू बोल."