वाऱ्याला वाट ठेवणारा गैबी

तर काल सांगत होतो ते, गैबीनं धोंडुबाईच्या मागल्या भिंतीला शिडी लावली, वर चढला, खिशातनं ब्लेड काढलं आणि भिंतीवरच्या निळ्या प्लास्टिकच्या कागदाला हात घातला, तोवर म्हातारी खराटा घेऊन परड्यात आली. शिडी मी धरली होती. त्यामुळं पहिला खराटा कुणाच्या पाठीत बसला हे वेगळं सांगायला नको.

"कागदाला ब्लेड लावलंस तर शिडी वडीन बघ, गैब्या."

"वडा की. पडलो तर फाडतच खाली येतो."

पण असं मधनंच सांगून तुम्हाला काय कळणार? गैबी कोण, आणि एका बाळंतिणीच्या खोलीचा कागद फाडायला तो भर पावसात का चढला, ते आधी सांगायला पाहिजे.

गैबी मूळचा मुरगूडचा. बाप स्टो दुरुस्त करायचा. पोरगं गॅसबत्तीत शिरलं आणि बत्त्या घेऊन आमच्या गगनबावड्याला आलं, कारण इथल्याइतकी वीज दुसरीकडं कुठं जात नव्हती. मोठ्या काचेची, पंप मारायची, जाळीचं मेंटल लावायची बत्ती. गैबीची बत्ती पेटली की वरातीत लोक नवऱ्याचं तोंड सोडून बत्तीकडं बघायचे. एकदा जत्रेच्या नाटकात खलनायकानं तलवार उगारली आणि नेमकी बत्ती मंदावली. गैबी सरळ रंगमंचावर चढला आणि पंप मारायला बसला. खलनायक तलवार वर धरून उभा. गैबीचं आपलं सावकाश चाललंय. शेवटी तो खलनायक तलवारीखालनंच म्हणाला, "गैबी, आटप की लेका, हात भरून आला." त्या नाटकात पुढं कोण मेलं ते कुणाला आठवत नाही. एवढंच काय ते आठवतं.

पुढं घरोघरी इन्व्हर्टर आले, मोबाईलात बॅटरी आली. रेशनचं रॉकेलही गेलं. तरी आमच्याकडं पाऊस लागला आणि घाटात तारांवर झाड पडलं की दिवसच्या दिवस वीज येत नाही. मोबाईल आधी मरतो, मग इन्व्हर्टर. मग गैबीच्या दारात चपला दिसायला लागतात. कोल्हापुरातनं महागाचं रॉकेल आणून ठेवतो तो, ह्याच दिवसांसाठी.

आता कागदाचं सांगतो. आमचा पाऊस वरनं पडत नाही, आडवा येतो. मातीच्या भिंती त्यापुढं टिकायच्या नाहीत, म्हणून पावसाआधी घराला बाहेरनं पांघरूण घालायची चाल. पूर्वी गवताचे तट्टे बांधायचो. त्यातनं थोडं पाणी झिरपायचं, थोडा वारा शिरायचा, घर सादळायचं, आणि बायका सगळा पावसाळा कुरकुरायच्या. मग प्लास्टिकचा कागद आला. सगळ्या गावानं तट्टे चुलीत घातले.

गैबीची लेक नुजहत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या सालची गोष्ट. गैबी आनंदानं नुसता नाचत होता. लेकीच्या खोलीला त्यानं दुहेरी कागद लावला. वर पट्ट्या ठोकल्या, सांध्यांवर चिकटपट्टी मारली. कौलांच्या खालनंसुद्धा कागद ताणला. म्हणायचा, "थेंब आत आला तर नाव बदलीन." त्याची बायको सलमा खोली बघून म्हणाली, "आत बसलं की बरणीत बसल्यागत वाटतंय वो."

"बरणीत लोणचं टिकतंय की," गैबी म्हणाला. ह्यावर आम्ही सगळे हसलो.

नुजहतला पोरगा झाला. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हे आमच्याकडं हिंदूंच्या घरात तसं मुसलमानांच्या. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, दाराच्या फटीत धडपं कोंबलेली. त्यात वीज गेली. गैबीनं दुकानातली सगळ्यांत चांगली बत्ती लेकीच्या खोलीत टांगली. सलमा लेकीजवळ झोपली, गैबी बाहेरच्या सोप्यात.

सकाळी मी आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी दात घासत होतो आणि तो दारात काचा पुसत बसला होता. मला म्हणाला, "नातू लई शाणा हाय बघा. रातभर हूं न्हाय की चूं न्हाय."

मग तो चहा घेऊन आत गेला. दार उघडल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली ती पिवळी पडलेली बत्ती. टाकीत रॉकेल होतं, तरी मिणमिणत होती. त्याच्यातला कारागीर आधी पुढं गेला. निपलात घाण अडकली असणार म्हणून त्यानं बत्तीला पिन मारली. सलमाला हाक त्यानंतर मारली.

सलमा गेली होती. बाळ गेलं होतं. नुजहतला आम्ही दवाखान्यात नेलं, ती वाचली. डॉक्टर म्हणाले, शेगडी आणि बत्तीनं कोंडलेली हवा विषारी झाली, त्या हवेला ना वास असतो ना रंग. गावात मात्र कुणी नजर म्हणालं, कुणी बाहेरचं. गैबीला तेही बरं वाटलं असतं. पण कागद त्यानं लावला होता, पट्ट्या त्यानं ठोकल्या होत्या, आणि बत्तीही त्याचीच.

नुजहत आता चंदगडला सासरी असते. ईदला फोन करते. बापाला बोल लावत नाही, पण माहेरी येत नाही.

गैबीनं स्वतःच्या घराचा कागद फाडून गवत बांधलं. गावात गवत बांधणारा तो एकटा. धंदा सोडेल असं वाटलं होतं. सोडला नाही. म्हणाला, "म्या दिली न्हाय तर लोक शेगडीच्या उजेडात बसतील. बत्ती देतो, आन संगं जाऊन भोक पाडतो." तेव्हापासनं बत्ती पाहिजे तर गैबी घरी येणार, आढ्याखाली, भिंत आणि कौलांमधल्या फटीवरचा कागद कापणार, बाहेर वारा येतोय का हात लावून बघणार, मगच बत्ती टांगणार. पोरं त्याला भोकपाड्या म्हणायला लागली. त्याचं त्याला काही नाही.

विजयसिंहाचे तंबू आहेत घाटाच्या कडेला. कोल्हापूर-पुण्याचे पावणे तिथं राहायला येतात, त्यांना जुन्या बत्तीचा फार शौक. गैबीनं अट घातली, बत्ती तंबूबाहेर खांबाला राहील. एका संध्याकाळी एक बत्ती तंबूत सापडली, तंबूची चेन वरपर्यंत ओढलेली. आत पावणे मजेत पत्ते खेळत होते. गैबीनं सगळ्या तंबूंच्या बत्त्या विझवून काखेत मारल्या आणि चालायला लागला. विजयसिंह मागनं आला. "आवो चाचा, पावणं फोटो काढायला आल्यात." गैबी म्हणाला, "मोबाईलच्या उजेडात काढा म्हणावं." त्या सालात परत गेला नाही.

आता धोंडुबाईकडं वळतो. तिची नातसून वर्षाराणी नुकती बाळंत झालेली. पाऊस ऐकत नव्हता, वीज कधीच गेलेली, दुपारीच घरात काळोख. नातू अमरसिंह बत्ती मागायला आला. गैबीनं विचारलं, "आत कोण हाय?"

"बाळंतीण."

"शेगडी?"

"हाय की. आज्जी विझू देत न्हाय."

गैबीनं बत्ती घेतली नाही. आधी शिडी घेतली.

धोंडुबाईनं आपल्या हातांनी सात लेकरं वाढवलेली. तिला कुणी शिकवायचं? ती शिडीखाली उभी राहून ओरडत होती, "बत्ती नगं आमाला. अंधारात राहू. तू खाली उतर."

"बत्ती न्हाई दिली तरी शेगडी आत हाय, आक्का."

"आमच्या घरात आजवर कोण मेलंय शेगडीनं?"

"तवा गवत हुतं."

"पोरीला वारं लागलं म्हंजे? बाळाला कापरं भरलं म्हंजे?"

आढ्याच्या खाली, जिथं पाणी पोचत नाही, तिथं गैबीनं ब्लेड टेकवलं आणि सर्रकन ओढलं. मग जरा बाजूला दुसरी चीर. कागद फडफडला आणि वारा आत घुसला. म्हातारीनं शिडीला हिसका दिला. मी सगळा जीव लावून धरून होतो.

तेवढ्यात आतनं बाळ रडायला लागलं. आधी बारीक, मग चांगलं टाहो फोडून.

धोंडुबाईनं खराटा खाली टाकला. "ऐकलास? लागलं वारं. कसं वरडतंय बघ लेकरू. आता ह्येला काय झालं तर त्ये तुझ्या डोस्क्यावर, गैब्या."

गैबी उतरला नाही. त्या चिरेला कान लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. पावसानं त्याच्या दाढीतनं पाणी गळत होतं. मग खाली न बघताच म्हणाला,

"रडू दे की, धोंडाक्का. आमचं रडलं न्हवतं."